पाच भोकांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे आणि दारावरचीही नव्हे. माझ्यावर काहीही लिहिलेले नाही. माझ्या अंगाला पाच चौकोनी भोके आहेत आणि कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर झाकण होऊन बसणे हे माझे काम होते. खेळणाऱ्याला लागतात तेवढीच बटणे माझ्या भोकांतून वर दिसत, बाकीच्यांना त्याचे बोट चुकूनही लागत नसे. 'होते' म्हणाले, कारण सध्या मी टेबलामागे भिंतीला टेकून उभी असते. तक्रार म्हणून सांगत नाही. माझा स्वभाव तसा नाही.

माझा जन्म मात्र एका चुकीतून झाला. बाजारातल्या एका अरुंद गल्लीत पाट्या करणाऱ्या बाईंचे दुकान आहे. सगळे त्यांना पाटीवालीच म्हणतात. एका दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे दवाखान्याची पाटी करायला टाकली. पारदर्शक ऍक्रिलिकवर लाल अक्षरे, सगळे झकास जमले होते, फक्त 'दंतवैद्य' मधले टिंब राहून गेले. डॉक्टरांनी मला हातात घेतले आणि 'दतवैद्य' असे सावकाश वाचले. पाटीवाली म्हणाली की टिंब आत्ता लावून देते, एका मिनिटाचे काम आहे. डॉक्टर म्हणाले, जिचा एक दात आधीच पडलाय ती पाटी मी दवाखान्यावर कशी लावू? ते दुसरी पाटी करून घेऊन गेले आणि मी मागे राहिले.

पुढची दोन वर्षे मी तुकड्यांच्या ढिगात काढली. माझ्यावर कधी रंगाचा डबा असे, कधी अर्धवट प्यायलेल्या चहाचा कप. एका टिंबापायी अडगळीत पडावे लागते हे मी तिथे शिकले, आणि तेव्हापासून चुकांविषयी माझे मत जरा कडकच झाले.

त्या गल्लीच्या टोकाला एक घड्याळजी बसत असत. बसत असत म्हणजे चाळीस वर्षे बसले आणि मग एके दिवशी दुकान बंद करून मोकळे झाले. डोळे थकले, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. दुकान बंद झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी ते काखेत कीबोर्ड मारून पाटीवालीकडे आले. त्यांच्याजवळ एक कागद होता. त्यावर कीबोर्डचे चित्र काढून प्रत्येक बटणाचे माप मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत लिहिले होते. मापे अचूक होती, पण रेघा अशा वेड्यावाकड्या की चालत्या बसमध्ये मारल्यासारख्या. पाटीवालीने कागद पाहिला, मग कागद धरलेला हात पाहिला आणि एवढेच विचारले की काका, रेघा मी मारू का. ते 'मार' म्हणाले आणि स्टुलावर बसले.

तिने मला ढिगातून ओढून काढले, लाल अक्षरे खरवडली आणि पेन्सिलीने चौकोन आखायला घेतले. बाणांची चार बटणे आणि खालचे लांब स्पेसचे बटण, अशी पाच भोके. तिने कोपऱ्यातल्या एस्केपच्या बटणावर बोट ठेवले.

"आणि हे?"

"ते बंदच ठेव. खेळातून निघायचं बटण आहे ते."

"मग निघणार कसे, काका?"

"ती निघाली की मी निघेन," ते म्हणाले.

ही 'ती' म्हणजे त्यांची मुलगी. पुढचे सगळे मला त्यांच्या टेबलावर गेल्यावर कळले, पण तुमचा गोंधळ नको म्हणून आत्ताच सांगते. मुलगी पूल तपासणारी इंजिनिअर आहे. आज या नदीवर तर उद्या त्या, पायाला चक्र. घड्याळजी घरात एकटे. बापलेक दोघेही असे अबोल की शब्द विकत आणावे लागतात की काय असे वाटावे. बुधवारी फोन होई तो असा: जेवलात? जेवलो. तू? जेवले. ठेवू? ठेव.

त्यांचे खरे बोलणे रविवारी दुपारी खेळातून चाले. दोघा हमालांनी मिळून एक भलामोठा आरसा जिन्यांवरून वर न्यायचा, असा तो खेळ. एक टोक तिच्या हातात, एक यांच्या. ती थांबली की यांनी थांबायचे, हे वळले की तिने वळायचे. खेळात तिचे नाव 'पूलवाली' आणि तिनेच यांचे नाव 'घड्याळजी' ठेवले होते. दोघांपैकी एकजण मध्येच निघाला तर आरसा पडून फुटतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तसा मजकूर येतो. त्या खेळात एस्केप दाबले की 'नक्की जायचे का' असे विचारण्याचीही पद्धत नव्हती. लागले बटण की माणूस बाहेर.

आता दुखणे कुठे होते ते ऐका. डोळे थकले हे खोटे होते. थकले होते हात. ते थरथर कापत. डाव्या हाताचे कापणे दाबायला ते कीबोर्डचा कोपरा घट्ट धरून बसत आणि त्याच कोपऱ्यात एस्केप. ओळीने तीन रविवार आरसा अर्ध्या जिन्यावर फुटला. तिन्ही वेळा मुलीच्या पडद्यावर एकच वाक्य आले: 'घड्याळजी खेळ सोडून गेले.'

कापणारे हात तिने पाहिलेच नव्हते. तिला वेगळेच आठवले. दुकान बंद करतो असे त्यांनी सांगितले तेव्हा ती पटकन 'बरं झालं' म्हणून गेली होती. आपण चाळीस वर्षांवर पाणी फिरवले, बाबांच्या मनाला ते लागले आणि ते रागावून उठून जातात, असे तिने धरून ठेवले. आणि यांनी हाताचे सांगितले नाही, कारण ज्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ केल्या त्यांच्याबद्दल काय आणि कसे सांगायचे हे त्यांना सुचत नव्हते. सांगितले तर ती नोकरी सोडून येईल अशीही धास्ती होती.

म्हणून मला घडवले. पाटीवालीने भोके पाडली, बारीक करवतीने चौकोन कापले. कडा घासायचे काम घड्याळजींनी स्वतःकडे घेतले. कानस चालवताना हात थरथरला तरी बिघडत नाही. त्यांनी माझ्या चार कोपऱ्यांना रबराच्या चकत्या लावल्या, म्हणजे मी बटणांवर टेकणार नाही. मग मला कीबोर्डवर बसवले आणि डाव्या हाताने कोपरा दाबून धरला. एस्केप माझ्याखाली गप्प होते. घड्याळजींनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि 'शाबास' म्हणाले. मला ते आवडले. इतक्या वर्षांत कुणी मला काही चांगले म्हटले नव्हते.

रविवारी दुपारी तीनला ते तयार होऊन बसले. मुलगी खेळायला आली नाही. चारला त्यांनी स्वतःच्या हमालाला एकट्यानेच जिन्यापाशी उभे केले आणि पाहत बसले. पुढच्या रविवारीही ती आली नाही. मधल्या बुधवारचा फोन 'जेवलात?' वरच संपला. मी माझ्या जागी घट्ट बसून होते, एकही बटण चुकून लागत नव्हते, आणि माझा काडीचाही उपयोग नव्हता.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला उचलून बाजूला ठेवले. खेळाच्या खिडकीत निरोप लिहायची एक जागा असते. तिथे त्यांना एवढेच लिहायचे होते: आता मी मध्येच जाणार नाही. ये. पण लिहायला सगळी बटणे लागतात, आणि बोट एका बटणावर एकदाच पडेना. अक्षरे दोनदा, तीनदा उमटू लागली. त्यांनी खोडले. खोडायचे बटण जास्त वेळ दाबले गेले आणि सगळेच गेले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. अर्धा तास हे चालले. या माणसाने घड्याळांना बांधायच्या चिठ्ठ्या तांदळाएवढ्या अक्षरांत लिहिल्या होत्या आणि त्यांत कधी खाडाखोड नव्हती. चौथ्यांदा लिहून ते चुका दुरुस्त करायला वाकले, एवढ्यात करंगळी एंटरवर पडली. निरोप गेला.

पडद्यावर त्यांनी आणि मी एकदमच वाचले: 'आतता ममी मध्येचच जजाणार नाहही. ययये'

मी जागेवर असते तर ते बटण लागलेच नसते. एका टिंबासाठी दोन वर्षे ढिगात पडलेली मी, मला तो मजकूर पाहून शरम वाटली. घड्याळजी खुर्चीत मागे टेकून बसले. चार-पाच मिनिटांनी फोन वाजला. तो रविवार होता, फोनचा वार नव्हता.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. चुकून गेलं तसंच."

"हात कापतोय का तुमचा?"

त्यांनी हात टेबलाखाली घेतला, जणू तिला तो दिसणार होता.

"दोन्ही."

"कधीपासून?"

"दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून."

मग ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही रागावून उठून जाता."

"मी कशाला जाईन," ते म्हणाले. "बोट लागायचं."

त्या दिवशी ते दोघे सव्वा तास बोलले. ती रडली, हे मला कळले, कारण घड्याळजी मध्येच म्हणाले की अगं, आरसाच फुटलाय, बाकी सगळं जागेवर आहे. पुढच्या आठवड्यात ती सुट्टी टाकून आली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. आधीच का नाही आलात, असे डॉक्टर बोलले. औषधे सुरू झाली. तिने नोकरी सोडायची गोष्ट काढली तेव्हा घड्याळजींनी तिला पुलांकडे परत पाठवले, आणि बुधवारबरोबर शुक्रवारही ठरला.

माझे चांगले दिवस त्यानंतरचे. दोन वर्षे मी दर रविवारी कामावर होते. आरसा गच्चीपर्यंत पोचला तेव्हा मुलीने मला पाहायला मागितले, म्हणून त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर धरले आणि माझ्या पाच भोकांतून ती हसताना मला दिसली.

पण दुखणे औषधाला संपूर्ण जुमानत नाही. पुढे पुढे बोट भोकात गेले की बाहेर येताना काठावर आपटे, नखाला लागे. एकदा रक्त आले. घड्याळजींनी कानशीने भोके मोठी केली, तरी भागेना. शेवटी मुलगीच म्हणाली की बाबा, ती पाटी काढा, लागलं बटण तर लागू दे.

"तुला परत ते वाक्य वाचावं लागेल," ते म्हणाले.

"तेच सांगते. 'गेले' हा शब्द मला वाचवत नाही. थांबा जरा."

तिने खेळात काहीतरी खटपट केली. वाक्य तर बदलता येत नव्हते. तिने त्यांचे खेळातले नाव बदलले. घड्याळजींनी ते पाहिले आणि चष्मा काढून पुसला. मला त्या दिवशी भिंतीशी ठेवण्यात आले.

मित्रांनो, तुमचेही बोट खेळताना भलत्या बटणावर पडत असेल, तर माझ्यासारखी एखादी पाटी जरूर करून घ्या. पाटीवाली अजून त्याच गल्लीत आहे, टिंबे नीट तपासून घ्या म्हणजे झाले. आणि समोरचा कुणी खेळ अर्ध्यात टाकून निघून गेला, तर मनात काही धरून बसण्याआधी त्याला एकदा विचारा की गेलास, की बोट लागलं. माझ्यापेक्षा त्या प्रश्नाने जास्त काम होते, हे मी पाटी असून सांगते.

काल रविवार होता. आरसा सात वेळा फुटला. पूलवाली तिकडे जिन्यावर एकटी उभी राहिली आणि सातही वेळा तिच्या पडद्यावर नव्या नावानिशी आले: 'आलोच खेळ सोडून गेले.' ती हसत थांबली. सातही वेळा ते आले.