तिसऱ्या ‘का’पाशी

“तूच वाच बाबा. माझ्या नजरेचं काही खरं नाही,” असं म्हणत शैलाताईंनी ते भलंमोठं कार्ड राजीवच्या हातात दिलं.

कँटीनमध्ये शे-सव्वाशे माणसं कागदी बशांत केक घेऊन उभी होती. राजीव वाचू लागला. कुणी लिहिलं होतं, एकोणीस वर्षांत एकदाही उशीर नाही. कुणी लिहिलं होतं, आता दिवाळीत चिवडा कोण आणणार. शैलाताईंची नजर उत्तम होती, आणि अख्ख्या कारखान्यात हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

एकाच केकवर आज दोन समारंभ उरकले होते. कारखान्याच्या तिसऱ्या शेडचं उद्घाटन, आणि शैलाताईंची निवृत्ती. राजीव पुण्याहून लीड्सला आला तेव्हा इथे एक शेड, चार प्रेस आणि अडतीस माणसं होती. जपानी कंपनीनं ‘बघू तर खरं’ म्हणून मांडलेलं दुकान. आता चारशे माणसं, तीन शिफ्ट आणि इलेक्ट्रिक गाड्यांची कामं. कंपनीबरोबर राजीवही वाढला. साध्या इंजिनिअरचा क्वालिटी मॅनेजर झाला, चार बेडरूमचं घर झालं, पोटही सुटलं.

शैलाताई त्याच वर्षी लागल्या. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. डॉक्टरांची बायको कारखान्यात जाते म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली, तर या म्हणाल्या, “मग काय घरात बसून भिंती मोजू?” राजीव तेव्हा एकटा होता, ब्रेड आणि अंड्यांवर जगत होता. दर गुरुवारी शैलाताई त्याच्यासाठी डबा आणायच्या. यजमान गेले त्या आठवड्यातही गुरुवार चुकला नाही.

काम म्हणाल तर बारीक नजरेचं. गिअरबॉक्समधल्या फिरत्या दांड्याभोवती बांगडीएवढं रबरी कडं बसतं, ते सील. त्याच्या आतल्या कडेला केसाएवढी खोच असली तरी पुढे तेल गळतं. पण एकदम निर्दोष असं काही नसतंच. म्हणून तपासणाऱ्या बायकांच्या टेबलावर एका डबीत एक तुकडा ठेवलेला असतो, लिमिट सँपल. इतकी खोच चालेल, याच्या पुढे नाही. त्याला चिठ्ठी बांधलेली, त्यावर मॅनेजरची सही. शैलाताई दिवसाला दोन हजार कडी दिव्याखाली फिरवायच्या आणि त्या तुकड्याला प्रमाण मानायच्या.

गेल्या वर्षी कंपनीला युरोपात नवी लाइन टाकायची होती. लीड्सला नाहीतर चेक रिपब्लिकला. तीन महिन्यांचं ट्रायलचं काम आलं, आणि शंभरातली सहा कडी बाद व्हायला लागली. एवढी बाद झाली तर लाइन हातची जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. एका शनिवारी, टेबलं रिकामी असताना, राजीवनं बाद मालाच्या ट्रेमधून जरा जास्त खोच असलेलं एक कडं उचललं, त्याला सहीची चिठ्ठी बांधली आणि डबीत ठेवून दिलं. सांगितलं कुणालाच नाही.

सोमवारी नऊ वाजता शैलाताई दारात.

“राजीव, सँपल बदललंस का रे?”

“नाही हो ताई. तेच आहे.”

“असं? मला खोच जरा खोल वाटली.”

“तुम्हाला वाटतंय.”

त्या मान हलवून गेल्या. दोन शब्दांत त्यानं एका बाईच्या अठरा वर्षांच्या नजरेवर बोळा फिरवला, आणि त्या दुपारी त्याला जेवणही व्यवस्थित गेलं. लाज वाटायची ती पुढे वाटली.

नवव्या आठवड्यात तक्रार आली. गिऱ्हाइकाकडच्या चाचणीत एक गिअरबॉक्स गळला होता, ते कडं परत आलं. राजीवनं आधी जुनं सँपल डबीत परत ठेवलं आणि मग शैलाताईंना बोलावलं. भिंगाखाली दोन्ही कडी शेजारी शेजारी मांडली. शैलाताई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“हे माझ्या हातून गेलं?” त्या हळूच म्हणाल्या. “मग डोळेच गेले म्हणायचे.”

तेव्हा तरी बोलायचं. तो त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.

या कंपनीत चूक झाली की एक फॉर्म भरतात. पाच वेळा ‘का’ विचारायचं. का गळलं? कड्याला खोच होती. खोच असून बाहेर का गेलं? तपासणीत पास झालं. पास का झालं? राजीवनं लिहिलं, तपासणाऱ्याची नजर कमी पडली. खाली शैलाताईंची सही घेतली. त्यांनी न वाचताच केली. चौथ्या आणि पाचव्या ओळीत त्यानं ट्रेनिंग, कॅमेरा असलं काहीबाही भरलं.

नागोयाच्या हेड ऑफिसमधून मोरिशिता-सान व्हिडिओवर होते. त्यांनी फॉर्म वाचला. “राजीव-सान, तिसऱ्या ‘का’ला तुम्ही माणसापाशी थांबलात. आपण माणसाच्या पलीकडे जातो.”

“त्यांनी मान्य केलंय,” राजीव म्हणाला.

मोरिशितांनी मान झुकवली आणि विषय संपला. लाइन लीड्सला आली. शैलाताई पॅकिंगला गेल्या, खोके चिकटवायला.

आता कार्ड वाचून झालं, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. शैलाताई कोट चढवत जवळ आल्या.

“निघते रे. एक बोलायचं राहिलं होतं. माझ्यामुळे तुला जपानसमोर मान खाली घालावी लागली. फार मनाला लागलंय ते माझ्या.”

राजीवला तिथेच जमीन दुभंगावी असं झालं. “ताई, दोन मिनिटं केबिनमध्ये या.”

दार लावून त्यानं सगळं सांगितलं. शनिवार सांगितला, ट्रे सांगितला, डबी सांगितली. “तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंडावर खोटं बोललो. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तुम्ही बरोबर पाहिलं होतं.”

शैलाताई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या.

“मी गाडी विकली, राजीव.”

“काय?”

“मायराला शाळेतून मी आणायचे. सून काही म्हणाली नाही हो, मीच सोडलं. म्हटलं, उद्या नातीला काही झालं तर? ऑप्टिशियन सांगत होता, लांबचं छान दिसतंय म्हणून. मला वाटलं, म्हातारीचं मन राखतोय. तू मला चार लोकांत ओरडला असतास तरी चाललं असतं. वर्षभर मी स्वतःवरच संशय घेतला रे. दुधावरची तारीख दोनदा वाचायची. पालक निवडला की परत निवडायचा.”

“सोमवारी मी मोरिशितांशी बोलतो. फॉर्म बदलतो.”

“सोमवारी मी इथे नाही. आत्ता लिही.”

त्यानं फॉर्म उघडला. शैलाताई खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि तो टाइप करील ती ओळ वाचत गेल्या. पास का झालं? सँपल सैल केलेलं होतं. सैल का केलं? बाद माल कमी दिसावा म्हणून, मॅनेजरनं. कमी का दिसायला हवा होता? नवी लाइन लीड्सला मिळावी म्हणून. शेवटी स्वतःचं नाव घातलं.

“माझी सही काढ.”

त्यानं काढली.

“पाठव.”

त्यानं पाठवलं. यात मोठ्या मनाचं काही नव्हतं. त्या मागे उभ्या नसत्या तर सोमवारचा मंगळवार झाला असता, हे त्याला पक्कं माहीत होतं. नोकरीचं काय होणार तेही दिसतच होतं. माफ केलं असं शैलाताई म्हणाल्या नाहीत, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.

“घरी सोडतो तुम्हाला,” तो म्हणाला.

“नको. बसनं जाईन.”

तरी तो स्टॉपपर्यंत मागे मागे गेला, फुलांचा गुच्छ हातात घेऊन. तिथे पोचल्यावर शैलाताईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. भुरभुर पाऊस होता. राउंडअबाउटपाशी, खूप लांबवर, एक बस वळली.

“सोळा,” शैलाताई म्हणाल्या. मग सवयीनं त्याच्याकडे वळल्या. “सोळाच ना रे?”

राजीवनं डोळे बारीक केले. त्याला पिवळा ठिपका तेवढा दिसत होता.

“मला इथून दिसत नाही, ताई.”

शैलाताईंनी पुन्हा एकदा बसकडे पाहिलं. या वेळी सावकाश, दिव्याखाली कडं फिरवायच्या तशा. मग त्यांनी बस थांबवायला हात बाहेर काढला. बस यायला अजून बराच वेळ होता. हात त्यांनी तसाच धरून ठेवला.