शेततळ्यातली पेट्रोलची होडी

“अक्का, तू त्या खांबाला धरून उभी राहा. काय बी झालं तरी कागदावर पाय ठिवू नको,” गोरक्षनाथ म्हणाला आणि होडीवर वाकला.

कागद म्हणजे शेततळ्याचं अस्तर. असतं जाड काळं प्लास्टिक, पण आमच्या पारनेरकडं सगळे त्याला कागदच म्हणतात. तळ्याच्या चारी उतारांवर तो अंथरलेला असतो आणि एकदा ओला झाला की त्याच्यावर मांजराचाही पाय ठरत नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरची सून कळशी बुडवायला गेली आणि घसरली. तिला पोहता येत होतं, पण वर चढता आलं नाही. 

पलीकडच्या बांधावर कल्याण हाताची घडी घालून उभा होता. कल्याण आमच्या थोरल्या भावाचा मुलगा. थोरला गेल्यापासून शेती तोच पाहतो. तळं त्याचं, तळ्याखालची डाळिंबाची बागही त्याचीच. डाळिंबाला उन्हाळ्याआधीचा आंबे बहार धरलेला होता, फुलांची फळं होऊ लागली होती, आणि होळीच्या आधीच बोअर आटलं होतं. पाऊस येईपर्यंत जे काही होतं ते या तळ्यात होतं. कागदाला भोक पडलं तर पाणी गुपचूप जमिनीत उतरतं. वरून काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा तळ उघडा पडलेला असतो.

“नाना, एकच टाकी,” कल्याण तिकडून ओरडला. “पेट्रोल संपलं की खेळ बंद. आन् कडंला आनायची न्हाई. खेळनं तुमचं हाय, पानी माझं हाय.”

“न्हाई येनार कडंला. माझा शबूद हाय. आन् खेळनं कशाला म्हनतो? तुझ्या गवत कापायच्या मशीनचंच इंजान हाय त्यात.”

“म्हनून तर भ्या वाटतं. त्या मशीननं माझ्या ठिबकच्या नळ्या किती कापल्या, मला ठावं हाय.”

गोरक्ष हसला. पुष्कळ दिवसांनी त्याला असं हसताना पाहिलं.

गोरक्ष माझा धाकटा भाऊ. जन्मभर त्यानं बोअरमधल्या मोटरी वर काढल्या, दुरुस्त केल्या आणि पुन्हा खाली सोडल्या. कोणाची मोटर जळाली की भरल्या ताटावरून उठून जायचा. मग अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड पुरती परत आली नाही. धरलेला पाना मध्येच निसटायचा. त्याच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, फक्त बोलावणी थांबली. मग तो ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या मोटरसायकलींची दुखणी ओळखायचा. “ह्याचा प्लग गेला,” “ह्याची चेन ढिली झाली,” असं माझ्याकडं न बघताच बोलायचा.

त्याची लेक अश्विनी पुण्याला नोकरीला. दिवाळीला तिनं ही होडी आणली. तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी अर्धवट सोडलेली. दोन हात लांब, फायबरची, आत इंजिन नाही. सोबत पिस्तुलासारखा रिमोट. त्याचा घोडा दाबला की वेग वाढतो, बाजूचं चाक फिरवलं की होडी वळते. “बोटांना व्यायाम होईल, पप्पा,” ती म्हणाली होती. डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला रबरी चेंडू गोरक्षनं केव्हाच गोठ्यात भिरकावला होता. होडी मात्र त्यानं उशाशी ठेवली.

मला आमच्या लहानपणची पत्र्याची होडी आठवली. वडलांनी शिंगणापूरच्या यात्रेतून आणलेली. पोटात तेलाची वात लावली की फट् फट् करत निघायची. गावाला नदी नव्हती, ओढाही पावसाळ्यापुरता. गोरक्ष पितळी परातीत पाणी घालून तिला चालवायचा आणि आई चुलीपुढून ओरडायची, “आरं, भाकरी कशात थापू? तुझ्या टकुऱ्यावर?”

या होडीनं त्याचा सगळा हिवाळा घेतला. दुपारच्या चहाला तो मला एकेक सांगायचा, जणू उद्या ती मलाच चालवायची होती. पेट्रोलात टू-टी ऑईल मिसळायचं, आणि इंजिन नवीन बसवलेलं म्हणून पहिल्या टाकीला जरा जास्तच. इंजिन गार राहायला तळातून पाणी चढतं, पण होडी पळत असेल तरच, म्हणून अंगणात फार वेळ चालू ठेवायचं नाही. पुढच्या टोकात थर्माकोल भरायचं, म्हणजे उलटली तरी बुडत नाही. मागचा पितळी पंखा त्यानं कानशीनं घासून असा धारेवर आणला होता, की तो फिरवून दाखवताना मी धरलेल्या लिंबाच्या काडीचे दोन तुकडे झाले.

एका गोष्टीवर मात्र बापलेकीचं पटलं नाही. रिमोटचा आणि होडीचा संपर्क तुटला तर होडीनं काय करायचं, हे आधीच ठरवून द्यावं लागतं.

“पप्पा, इंजिन बंदच झालं पाहिजे,” अश्विनी फोनवर सांगत होती. “सगळीकडं हेच लिहिलंय.”

“मधी बंद पडली तर आनायला कोन जाईल? तू येशील व्हय पुन्याहून?” गोरक्ष म्हणाला. “आगं, लाईट जाऊन आली की मोटर आपली आपून चालू व्हाया पायजे, तवा शेतकरी रातचा झोपतो. जन्मभर लोकांला मी त्येच बसवून दिलं. मशीन थांबली म्हंजे मानूस अडला.”

आणि त्यानं तसंच केलं. संपर्क तुटला तरी निम्म्या वेगानं, किंचित वळत, फिरत राहायचं. कधीतरी हाताशी येईल, मग तिच्यावरचं बंद करायचं बटण दाबू.

त्या सकाळी इंजिनाची दोरी त्यानं डाव्या हातानं ओढली. एकदा, दोनदा काही नाही. नंतर असा कडकडाट झाला की बांधावरच्या साळुंक्या उडाल्या. त्यानं होडी पाण्यात सोडली, रिमोट उजव्या हातात घेतला आणि घोडा दाबला.

होडी गेली ती पाण्याला चीर पाडतच. मागं पांढरा तुरा. मधोमध जाऊन वळली, परत आली, पुन्हा वळली. कल्याणच्या हाताची घडी कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही.

“लई पळती की वं नाना!”

“आजून निम्मी बी पळवली न्हाई,” गोरक्ष म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. मी त्याच्या हाताकडं पाहत होते. बोटं पांढरी पडली होती आणि मनगट हळूहळू खाली झुकत होतं.

“गोरक्ष, दम खा जरा,” मी म्हणाले.

“एवढा फेरा व्हऊ दे.”

तेवढ्यात हात उघडला. त्यानं उघडला नाही, आपोआप उघडला. रिमोट कागदावर पडला, गोल फिरला आणि सुळकन पाण्यात गेला.

होडीचा आवाज जरासा उतरला, पण थांबला नाही. ती वळू लागली. एक वर्तुळ पुरं केलं, मग दुसरं. त्यानं शिकवलं होतं तशीच ती वागत होती. पण सकाळचा वारा पश्चिमेकडून होता आणि प्रत्येक फेऱ्याला तिचं वर्तुळ पूर्वेच्या उताराकडं सरकत होतं.

“बंद करा ना!” कल्याण ओरडला.

“हिथून व्हत न्हाई. बटन तिच्यावरच हाय.”

“आन् पेट्रोल?”

“टाकी भरलेली हाय.”

कल्याणनं शर्ट काढून फेकला. गोरक्ष एवढ्या मोठ्यानं ओरडला की मी दचकले. “पान्यात उतरू नको! पंखा मांडी कापून काढंल!”

पुढच्या फेऱ्याला होडी उताराला घासून गेली. खर्र असा आवाज आला. गोरक्षनं डोळे मिटले, पण लगेच उघडले. नंतर तो पळत सुटला. झटक्यापासून मी त्याला पळताना पाहिलं नव्हतं. शेडमध्ये बोअरची मोटर सोडायचा लांब दोर होता, तो त्यानं काखेत धरून आणला.

“कल्याण, ह्ये टोक घेऊन पलीकडच्या कडंला जा, बांधाबांधानं. दोर पान्यावर आडवा येऊ दे. अक्का, हिकडचं टोक खांबाला वेढे देऊन धर. गाठ मारू नको, वेढेच दे.”

“दोरानं तिचं काय होईल?”

“पंख्यात गुतंल. उलटंल. इंजानात पानी जाईल.” तो माझ्याकडं न बघता बोलत होता. “धर तू.”

पहिल्या वेळी दोर पाण्याखाली गेला आणि होडी वरून निघून गेली. उताराला पुन्हा घासली. कल्याणनं शिवी दिली. कोणाला, ते मी विचारलं नाही. “वर घे! ताठ कर!” गोरक्ष ओरडला आणि त्यानं दोर आपल्या डाव्या खांद्यावर घेतला. मी खांबाभोवती आणखी एक वेढा टाकला. होडी वळून आली. पोट दोरावर चढलं, आणि मग पंख्यानं दोर खाल्ला. असा हिसका बसला की माझ्या तळहाताची सालं निघाली आणि गोरक्ष कागदाच्या अगदी कडेला गुडघ्यांवर पडला. मी एका हातानं त्याची कॉलर पकडली. होडी हवेत उभी राहिली, पालथी झाली, आणि आवाज गपकन बंद झाला.

इतकी शांतता झाली की पाण्याच्या लाटा कागदावर आपटत होत्या त्या ऐकू आल्या.

कल्याणनं होडी दोरानं ओढून आणली. पाणी गेलेलं इंजिन तसंच ठेवायचं नसतं, लगेच प्लग काढून कोरडं करून आत ऑईल सोडायचं असतं, हे गोरक्षनंच मला कितीदा सांगितलं होतं. त्यानं होडीकडं पाहिलंसुद्धा नाही. पूर्वेच्या बांधावर पालथा पडून तो कागद चाचपत होता. काळ्या कागदावर एक पांढरा ओरखडा होता आणि तो खाली पाण्यात शिरत होता.

“आरपार हाय का?” कल्याणनं विचारलं.

“वरचा न्हाई. पान्याखालचं कसं सांगू?”

“तुमी म्हनला हुता, कडंला येनार न्हाई.”

“म्हनलो हुतो.”

कल्याण घरी निघून गेला. त्या दिवशी तो आमच्याबरोबर जेवला नाही. धनश्री, त्याची बायको, आमची ताटं घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून गेली.

पाणी रोज उतरतच असतं. ते उन्हानं उतरतंय की भोकानं, हे कसं कळायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षनं होडीतून इंजिन काढून पोत्यावर ठेवलं. रिकामी होडी त्यानं बांधावर आणली, तापू नये म्हणून अर्धी मातीत पुरली आणि तळ्याचंच पाणी तिच्यात भरलं. पाणी जिथवर आलं तिथं आतून खिळ्यानं खूण केली. तशीच खूण तळ्याच्या कागदावर खडूनं केली.

“उद्या सकाळपस्तोर ठिबक सोडू नको,” तो कल्याणला म्हणाला. “ऊन दोन्हीला सारखंच लागंल. होडीत जेवढं उतरंल, तेवढंच तळ्यात उतराया पायजे.”

“फळं गळतील, नाना.”

“एक दिस. हात जोडतो.”

दिवसभर तो छत्री घेऊन तिथंच बसला. दुपारी बागेतली पानं माना टाकू लागली तेव्हा त्यानं छत्री फिरवून बागेकडं पाठ केली. मी भाकरी नेली. त्यानं अर्धीच खाल्ली.

सकाळी कल्याण आला. केरसुणीची एक काडी त्यानं होडीत खुणेपासून पाण्यापर्यंत उभी धरली आणि बरोबर तेवढीच तोडली. मग उतारावर पालथा होऊन तीच काडी, उतारावर आडवी न ठेवता सरळ उभी धरून, तळ्याच्या खुणेला लावली. 

“सारखंच हाय,” तो म्हणाला.

“आजून एकदा लाव.”

त्यानं पुन्हा लावली. “सारखंच हाय, नाना. उठा आता.” त्यानं गोरक्षला काखेत हात घालून उठवलं आणि ठिबक सोडायला खाली पळाला. थोड्या वेळानं नळ्यांमधून हवा सुटल्याचा आवाज आला आणि झाडांच्या बुडाशी माती काळी होऊ लागली.

“चल, होडी घरी नेऊ,” मी म्हणाले. “इंजिन बघ तरी. गंज चढेल.”

“बघू,” तो म्हणाला.

पुढच्या सकाळी मी फुलं तोडायला गेले, तर तो बांधावर होता. ठिबक रात्रभर चालू होतं, तळ्यातलं पाणी वीतभर खाली गेलं होतं, आता त्या मोजणीला काहीच अर्थ नव्हता. गोरक्षनं तांब्यानं होडी पुन्हा खुणेपर्यंत भरली. चमचाभर पाणी जास्त झालं, ते डाव्या हाताच्या बोटांनी काढून टाकलं. मग छत्री उघडली आणि होडीशेजारी बसला.