तेवीस फोटो

कळफलकावरच्या दोन कळांवर सुकलेल्या डिंकाचे थेंब होते, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि त्यातला एक तो नखानं खरवडायला लागला होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "राहू द्या हो. बोटांना रस्ता सापडतो त्यानं."

त्यानं हात मागे घेतला. ऑपरेटरबाई दारात उभ्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि दृष्टी जाऊन नऊ. पण संस्थेत सगळे त्यांना अजून ऑपरेटरबाईच म्हणत. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि चाळीसएक स्वयंसेवक. दृष्टी गेलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना पत्रं, वर्तमानपत्रं, औषधांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायची, एवढंच काम. संस्थेला संकेतस्थळ हवं होतं. त्याच्या ऑफिसच्या सूचनाफलकावर कागद लागला — शनिवार-रविवार दोन दिवस, फुकट काम — तेव्हा पहिलं नाव त्यानं घातलं होतं. का घातलं, हे स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं... बाबा गेल्याला सात वर्षं झाली होती, इतकंच.

शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं उभं केलं होतं. निळसर रंग, एकामागून एक सरकणारे तेवीस फोटो. संचालकांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, चहा पाजला होता. आणि आज रविवारी सकाळी ऑपरेटरबाई तपासायला बसत होत्या. त्यांच्या संगणकात पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारा आवाज होता — कोरडा, घाईतला. बाईंनी कळ दाबली.

"चित्र," आवाज म्हणाला. "चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण. बटण."

बाई थांबल्या. खुर्चीत जराशा मागे रेलल्या.

"छान दिसत असेल, हो," त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. बाईंनीच मग समजावलं: प्रत्येक फोटोमागे दोन ओळी लिहायच्या, फोटोत काय आहे ते. यंत्र त्या वाचेल. "फार काही नको. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं, तसं."

शेजारी बसलेल्या माणसाला...

बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसायचे. तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. सगळं गाव त्यांनी वरून पाहिलेलं. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं. पहिल्या वर्षी ते सारखे विचारायचे — खाली कसला आवाज रे? समोरच्या इमारतीला रंग देतायत का? कोण भांडतंय? आणि तो फोनमधून मान वर न काढता म्हणायचा, काही नाही बाबा, नेहमीचंच. खोटं नव्हतं ते. नेहमीचंच तर असायचं. मग हळूहळू त्यांचं विचारणं थांबलं, आणि त्यानं बहिणीला कळवलं होतं, अगदी समाधानानं कळवलं होतं, की बाबा आता शांत झालेत, परिस्थिती स्वीकारलीय त्यांनी.

स्वीकारलीय!

तो लिहायला लागला. 'वृद्ध गृहस्थ व स्वयंसेविका.' बाईंनी ऐकलं. "गृहस्थ काय करतायत?" "ऐकतायत." "मग तसं लिहा ना. आणि तुम्हाला कशावरून कळलं, ऐकतायत?" त्यानं पुन्हा पाहिलं. खरंच, कशावरून? मान जराशी तिरकी होती, एक हात टेबलाच्या कडेवर थांबलेला, आणि डोळ्यांवर चष्मा...

"चष्मा?" बाई हसल्या. "असेल, असेल. मी अजून आरशासमोर उभी राहून केस विंचरते. कोण पाहतंय, सांगा!"

बाबांचाही चष्मा शेवटपर्यंत होता. सकाळी उठल्यावर सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसायचे, उजेडाकडे धरायचे, मग घालायचे. तो हे रोज पाहत होता. पाहत होता म्हणजे काय, डोळ्यांसमोर होतं. कशाला पुसता, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं, हे आता कोणाला ठाऊक.

दुपारपर्यंत बावीस फोटो झाले. एकेका फोटोपाशी तो इतका वेळ थांबे, की संचालक दोनदा डोकावून गेले. तेविसाव्या फोटोत एक म्हातारा खुर्चीत एकटाच होता, मागे रिकामी भिंत. त्यानं लिहिलं, लिहीतच गेला, मध्येच चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते झाल्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं त्याला वाटलं.

चारच्या सुमारास बाई सगळं ओळीनं ऐकायला बसल्या. मान डोलावत होत्या. तेविसाव्याला आवाज वाचू लागला: "एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी बसले आहेत. खाली रस्त्यावर काहीतरी चाललं आहे. काय चाललं आहे, ते कोणीतरी सांगेल, म्हणून ते थांबले आहेत."

बाईंचं बोट कळेवरच राहिलं.

"या फोटोत खिडकी आहे?"

तो म्हणाला, "नाही."

"कोण होते ते?"

"वडील."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी हात पुढे केला, तो त्याच्या मनगटाच्या जरा अलीकडे टेबलावर टेकला आणि तिथेच राहिला.

"काढा ते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आम्हाला आहे तेवढंच सांगायचं. त्यात कोणी काही घातलं ना, की मग बाकीच्यावरही विश्वास बसत नाही."

त्यानं काढलं. एकेक अक्षर मागे जात पुसलं — एकदम सगळं पुसायची सोय असूनही. मग लिहिलं: 'एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले आहेत. मागे रिकामी भिंत आहे.' एवढंच होतं. पाच वाजता संकेतस्थळ सुरू झालं. संचालकांनी हात हातात घेऊन आभार मानले, आणि ऑपरेटरबाईंनी, दर बुधवारी वाचायला माणूस कमी पडतो, असं सहज सांगितल्यासारखं सांगितलं. तो "बघतो" म्हणाला, आणि तो शब्द स्वतःच्याच कानाला कसासाच लागला.

बाहेर अजून ऊन होतं. समोरच्या फुटपाथवर एक बाई वाकून मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. मुलगी आईच्या डोक्यावर हात टेकून एका पायावर उभी होती. वाक्य न बोलावता तयार झालं, नेमकं, आहे तेवढंच. तो उभा राहिला. त्यापुढे अजून काहीतरी सांगण्यासारखं होतं, नक्की होतं — पण ते तिथे रस्त्यावर होतं की त्याच्याच मनात, हे काही केल्या ठरवता येईना, आणि विचारायला शेजारी कोणी नव्हतं.