दोन थेंबांचा फरक

मित्रांनो, लांबून पाहिलेत तर मी तुम्हाला नुसती काचेची उभी नळी वाटेन. जरा जवळ या. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक रेघा आहेत आणि पायाशी एक तोटी आहे. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेतली जुनी ब्युरेट. थेंब थेंब मोजून देणे हे माझे काम.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. तिथल्या कारागिराने श्वास रोखून माझ्यावर रेघा आखल्या. मग भुशात झोपून मी रेल्वेने इकडे आले आणि स्टेशनापासून सात रस्ता चौकापर्यंत टांग्यात जीव मुठीत धरून बसले.

तेव्हापासून किती मुले आली आणि गेली! सारी माझ्यापुढे वाकली. पाण्याची पातळी मधोमध किंचित खोल असते. तिच्या तळाशी डोळा नेल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही, म्हणून देवापुढे वाकावे तसे माझ्यापुढे वाकावे लागते. आणि आम्ल मोजताना शेवटचा एकच थेंब पडून माझ्याखालचा अख्खा चंबू गुलाबी झाला की वर्गात जी शांतता पसरते, तिचे मला अजून नवल वाटते. ज्या मुली माझ्याकडे बघून हरखल्या, त्यांच्या लेकीही पुढे माझ्याकडे बघून हरखल्या.

पुढे नव्या ब्युरेटी आल्या. माझ्या तोंडाचा टवका उडाला, तोटी अडकू लागली. मी कपाटाच्या कोपऱ्यात गेले.

यंदा एप्रिलमध्ये देवयानी मॅडमनी मला पुन्हा बाहेर काढले. मोजायचे साधन बरोबर मोजते का, तेच मुलांनी मोजायचे होते. माझ्यातून ठरलेल्या रेघेपर्यंत पाणी सोडायचे, ते तोलायचे आणि पुस्तकातल्या वजनाशी ताडून पाहायचे. मी अक्कलकोटहून रोज एस.टी.ने येणाऱ्या अंकिताच्या वाट्याला आले.

तिने मला धुतले, तोटीला हलका हात लावला, गुडघे टेकून रेघ वाचली. तरी पाण्याचे वजन दोन थेंबांनी कमी भरले. तिने पुन्हा केले. पुन्हा तेच.

शेजारच्या टेबलावरचा सिद्धू म्हणाला, "पुस्तकातलं वजन लिही आन मोकळी हो की. आमी समद्यांनी तेच लिव्हलंय."

"पण माझं तसं येत न्हाय."

"मग ती म्हातारी बदल. गळत असंल."

मित्रांनो, मी घाबरले. हा प्रयोग परीक्षेच्या गुणांत धरला जाणार होता. अंकिताने आकडा बदलला असता, तर कोणालाही कळले नसते. तिने खोडरबर हातात घेतलाही. पण मग तो तसाच धरून ती मॅडमकडे गेली आणि पाण्याचे वजन जुळत नाही, असे खाली मान घालून सांगितले.

मॅडमनी आधी माझी तोटी तपासली. मी गळत नव्हते. मग त्यांनी सगळ्या वर्गाचे आकडे पाहिले आणि खुर्चीवर बसल्या. "इतक्या हातांना एकच उत्तर आलं की मला भीती वाटते," त्या म्हणाल्या.

 अंकिता चंबू पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पाणी कोमट लागतंय."

पाण्याचा कॅन सकाळपासून खिडकीतल्या उन्हात होता. मॅडमनी तिला माझ्या गळ्यावरची बारीक अक्षरे वाचायला लावली. सत्तावीस अंश, असे तिथे छापलेले आहे. तेवढ्याच तापमानाला माझ्या रेघा खऱ्या. कॅनमधले पाणी चाळिशीला टेकले होते. तापले की पाणी फुगते आणि तेवढ्याच जागेतले पाणी वजनाला हलके भरते.

मुलांनी कॅनला ओले फडके गुंडाळून तो व्हरांड्यात सावलीला ठेवला. पाणी निवल्यावर अंकिताने पुन्हा मला भरले. सारा वर्ग भोवती वाकला होता. तराजूचा आकडा हलला, रेंगाळला आणि पुस्तकातल्या वजनापाशी येऊन थांबला.  बाहेर रणरणणारा तो सूर्य कुठे, नि माझ्यातले दोन थेंब कुठे! पण तो त्यांत सापडला होता.

"सोलापूरचं ऊन लई आगाऊ," शेवटी सिद्धू म्हणाला, "नळीत बी शिरतंय." मग त्याने आपला आकडा खोडला आणि भांडी धुवायला घेतली.

अंकिताही आपला पहिला आकडा खोडणार होती. मॅडमनी तिचा हात धरला. "ते राहू दे. ते चुकलेलं नाही, ते गरम पाण्याचं आहे. शेजारी तापमान लिही."

मित्रांनो, आम्हा काचेच्या नळ्यांना काम झाल्यावर स्वच्छ धुवा, उलटे टांगा, तोटीवर जोर करू नका. एवढे केलेत तर आम्ही तुमच्या नातवंडांनाही थेंब मोजून देऊ. आणि कधी तुमचे उत्तर चारचौघांपेक्षा निराळे आले, तर खोडण्याआधी एकदा पाण्याला हात लावून पाहा.