आरशातला डावखुरा

मित्रांनो, आधी कॅप्टनला यातून काय मिळणार होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. आमच्या फुटबॉल संघाच्या मंडळावर प्रेक्षकांचा एक प्रतिनिधी असतो. त्याला छपराखालची खुर्ची मिळते, मध्यांतरात पदाधिकाऱ्यांबरोबर चहा मिळतो आणि छातीवर लावायला बिल्ला मिळतो. कॅप्टनचा जीव त्या बिल्ल्यात अडकला होता. वार्षिक सभेत निवडून यायचं तर संघाच्या पराभवाला जबाबदार असा एखादा माणूस धरून द्यायला हवा होता. तसा माणूस सापडला, आणि तो नेमका कॅप्टनच्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला.

मी एक जुना फळा आहे. कॅप्टनच्या सलूनच्या भिंतीवर टांगलेला. कॅप्टन हे त्याचं टोपणनाव. तो कधी कुठल्या संघाचा कॅप्टन वगैरे नव्हता. शाळेत असताना त्यानं एकदा कुंपणाबाहेर गेलेला चेंडू आणून दिला होता, तेवढीच त्याची कारकीर्द.

माझी कारकीर्द त्याच्यापेक्षा बरी. एका सुतारानं मला चार फळ्या जोडून बनवलं आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. बावीस वर्षं मी शाळेत होतो. भूमितीच्या बाई कंपास न घेता, एका झटक्यात माझ्यावर वर्तुळ काढायच्या आणि अख्खा वर्ग ‘वा!’ म्हणायचा. कौतुक बाईंचं असायचं, पण थोडं मीही खिशात घालायचो. पुढे पांढरे फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी झाली. तिथून कॅप्टननं मला भंगाराच्या भावात उचललं, दरपत्रक लिहायला.

त्यानं मला टांगलं ते खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर. समोर लांबच लांब आरसा. त्यामुळे गिऱ्हाइकांना मी फक्त आरशात दिसायचो, तोही उलटा. उलट्या दरपत्रकाबद्दल कधी कोणी हूं का चूं केलं नाही, कारण दर सगळे तोंडीच विचारतात आणि घासाघीसही तोंडीच करतात.

मग संघ हरायला लागला. एक नाही, दोन नाही, ओळीनं नऊ सामने. कॅप्टननं दरपत्रक पुसून माझ्यावर अकरा खेळाडूंची अकरा वर्तुळं काढली. प्रत्येक सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोण कुठे खेळला ते नव्यानं मांडायचा. नवीन आणलेल्या डावखुऱ्या खेळाडूच्या वर्तुळात फुली असायची. आणि खरं ते सांगायला हवं, मित्रांनो, कॅप्टन ती फुली डावीकडेच काढायचा, कारण तो खेळाडू डावीकडेच खेळत होता. एवढं बरोबर करून झालं की तो वळायचा, वस्तरा हातात घ्यायचा आणि आरशात बघायचा. घोटाळा तिथून सुरू व्हायचा.

त्याचे दोन पंडित रोज हजर असत. एक निवृत्त हिशेबतपासनीस. गुडघ्यांमुळे त्यांनी मैदानावर जाणं सोडलं होतं, मत देणं सोडलं नव्हतं. दुसरा समोरचा चष्म्याचा दुकानदार.

“ही बचावफळी नाही, चाळणी आहे,” हिशेबतपासनीस फेसाळलेल्या तोंडानं म्हणायचे.

“चाळणीत निदान काहीतरी अडकतं, साहेब,” चष्मेवाला म्हणायचा.

“खेळाडू बघून आणतात की वजन करून?” कॅप्टन विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

त्यांची भाषा मी नीट ऐकली आहे. संघ जिंकला की ‘आपण’ जिंकलो. हरला की ‘ते’ हरले. आणि पराभवाची चर्चा रंगात आली की ‘आम्ही’ तर आधीच सांगितलं होतं. आपण, ते, आम्ही. अशा तीन सर्वनामांवर या माणसांनी सगळा हंगाम काढला.

हिशेबतपासनिसांना टिपणं ठेवायची खोड. खुर्चीत बसल्या बसल्या आरशात बघून ते माझी मांडणी वहीत उतरवायचे, तारीख घालून, शाईनं. एका सकाळी त्यांनी पानं मागे-पुढे केली आणि ते ताठ बसले. कॅप्टननं वस्तरा वेळेवर उचलला म्हणून गाल वाचला.

“अहो, हा माणूस डाव्या पायाचा ना? मग नऊच्या नऊ सामने याला उजवीकडे का खेळवलाय?”

कॅप्टननं आरशात पाहिलं. फुली उजवीकडे होती. “मी स्वतः पाहिलंय!” तो ओरडला. “मैदानात, या डोळ्यांनी!”

चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि निर्वाळा दिला, “स्वच्छ उजवीकडे.”

दिवसभर दुसऱ्यांना ‘कोणती ओळ वाचता येते’ म्हणून विचारणारा माणूस हा.

आता जबाबदार कोण? मुख्य प्रशिक्षकाला हात लावायची कोणाची छाती नव्हती; तो अध्यक्षांचा व्याही. राहिले सहप्रशिक्षक. बचावफळी त्यांच्याकडे होती आणि हा डावखुराही त्यांनीच दोन वर्षं गावोगावची मैदानं पालथी घालून शोधला होता. ते कॅप्टनचे भावोजी. त्यांची नोकरी गेली तर मैदानामागच्या, संघानं दिलेल्या दोन खोल्याही जाणार होत्या.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी कॅप्टनची ताई सलूनमध्ये आली. हिशेबतपासनीस खुर्चीत होते, चष्मेवाला बाकावर.

“तुझ्या भावोजींना काढायला निघालायस म्हणे.”

“ताई, घरचं घरी, संघाचं संघात. पुरावा आहे आमच्याकडे.”

“दाखव तरी.”

“हा काय समोर!” कॅप्टननं आरशाकडे बोट केलं.

ताईनं आरशात पाहिलं. मग ती वळली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मित्रांनो, सलूनमध्ये आल्यापासून खडू हातात नसताना माझ्याकडे तोंड करून उभं राहिलेलं ते पहिलं माणूस. मला बाईंचा वर्ग आठवला.

“अरे शहाण्या, फुली तर डावीकडे आहे.”

“आरशात बघ ना.”

“आरशात काय बघू? आरशात तुझा भांगही दुसऱ्या बाजूला दिसतो. वीस वर्षं लोकांचे भांग पाडतोयस, आणि एवढं कळत नाही तुला?”

हिशेबतपासनिसांच्या गालावरचा फेस वाळून तडकला. ते हळूच म्हणाले, “वहीत शाईनं लिहिलंय. खोडाखोड चालत नाही.” चष्मेवाला म्हणाला, “दृष्टीचं काय असतं ताई, प्रत्येकाची वेगळी.”

कॅप्टनला मात्र कळलं होतं. त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता, आणि चेहऱ्यावरचं कळणं काही उलटं दिसत नाही. तो आता ‘चुकलं’ म्हणाला असता तर भावोजी वाचले असते आणि बिल्ला गेला असता. त्यानं गिऱ्हाइकाच्या मानेवरचा ओला टॉवेल ओढला आणि मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसून काढलं.

“चहा घेणार, ताई?” त्यानं विचारलं.

ताई पायरी उतरून गेली. मागे वळली नाही.

सभेत काय झालं ते मला दुसऱ्या दिवशीच्या बढायांवरून कळलं. भावोजी जीव तोडून सांगत होते, “अहो, डावीकडेच खेळतो तो!” पण मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात आणि प्रेक्षक दोन्ही अंगांना बसतात; तेव्हा त्याला कोणी डावीकडे पाहिलेलं, कोणी उजवीकडे. शपथेवर सांगायला कोणी उठेना. वही मात्र एकच होती आणि तिच्यात तारखा होत्या. भावोजींना काढलं. कॅप्टन निवडून आला. आणि मंडळानं प्रेक्षकांच्या मागणीला मान देऊन डावखुऱ्याची बाजू बदलली. म्हणजे त्याला आता खरोखरच उजवीकडे खेळवू लागले.

पुढचा सामना पाच गोलांनी गेला. हंगाम संपला तेव्हा संघ खालच्या श्रेणीत होता. “ते खेळलेच नाहीत,” हिशेबतपासनीस म्हणाले. “आम्ही सांगून थकलो,” चष्मेवाला म्हणाला.

माझ्यावर पुन्हा दरपत्रक आलं आहे. ओल्या टॉवेलानं माझा रंग पोपडे धरून सुटला. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. फळा कोरड्या फडक्यानं पुसा. त्यावरून कोणाची भाकरी जाणार असेल, तर आधी उठा, वळा आणि फळ्यासमोर जाऊन उभे राहा. मान वळवायला फार कष्ट पडत नाहीत. या तिघांना तेवढेही झेपले नाहीत.

आता या सगळ्याचा भुर्दंड म्हणून कोणी काय भरलं ते सांगतो. चष्मेवाल्यानं काही भरलं नाही. हिशेबतपासनिसांना एका नव्या वहीचे पैसे पडले. डावखुऱ्याला बूट हातात देऊन घरी पाठवलं. कॅप्टन छपराखाली बसून चहा पितो. भावोजी बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून ‘आधी डावा घालून बघा’ म्हणतात. ताई भाड्याच्या एका खोलीत राहते. भावोजींच्या केसांना या सलूनमध्ये कधी पैसे पडले नव्हते. परवा ते समोरच्या पदपथावरून गेले, केस नुकतेच कापलेले, दुसऱ्या कोणाच्या हातचे. तेवढ्यापुरते कॅप्टनचे हात थांबले. मग खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं विचारलं, “काय कॅप्टन, या वर्षी आपण वर येणार ना?”

“येणार म्हणजे?” कॅप्टन म्हणाला. “आपण आहोत ना आता मंडळावर.”