आखडत्या हाताची मोजणी

आर्डेलिया बकनरने फोटोवर काच ठेवली, काचेवर आखलेल्या चौकोनांपैकी सतरावा लाल पेन्सिलीने खुणावला आणि भिंग डोळ्याला लावलं. शपथ बाराला झाली होती. आता अडीच वाजले होते आणि वर्तमानपत्राला चारच्या आत आकडा हवा होता. फोटो स्मारकाच्या माथ्यावरून काढलेला, ऐन शपथेच्या क्षणाचा. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर नव्या अध्यक्षांचा उंचावलेला हात मोहरीएवढा दिसत होता.

संपादक नोरीन दारात येऊन उभी राहिली.

"नव्या अध्यक्षांच्या गोटातून तिसरा फोन, आर्डेलिया. इतिहासातली सगळ्यात मोठी गर्दी म्हणतायत."

"म्हणू देत. म्हणायला जागा लागत नाही, उभं राहायला लागते."

तिचं सगळं शास्त्र एवढंच होतं. माणूस चेंगरून उभा असेल तर त्याला अडीच चौरस फूट पुरतात, ऐसपैस उभा असेल तर दहा लागतात, आणि कुठे किती हे फोटो पाहून नव्हे, सकाळी स्वतः गर्दीत फिरून ठरवायचं. तीस वर्षं ती हेच करत आली होती. या आकड्याने कोणाचं भलं होईल आणि कोणाच्या पोटात दुखेल, हा विचार तिने काचेजवळ कधी फिरकू दिला नव्हता, आणि त्याची किंमतही घरातच मोजली होती.

बारा वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ लेम्युएल याच मैदानात उभा होता. त्याच्या मनातला माणूस अध्यक्ष झाला होता. बस चालवण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस त्या थंडीत पहाटेपासून मोठ्या पडद्यासमोर उभा राहिला आणि घरी आला तो रडतच. वीस लाख लोक होते, असं तो शपथेवर सांगायचा. आर्डेलियाने छापलं नऊ लाख, माणशी सरासरी पाच चौरस फूट. तिच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात हा विषय निघाला तेव्हा लेमने काटा खाली ठेवला होता.

"मला नाक खाजवायला हात वर करता येत नव्हता, आणि सख्ख्या बहिणीने मला पाच फूट दिले!"

"पडद्यासमोर दाटी होतेच, लेम. मागे मोकळंच असतं. तू तुझ्या जागेवरून अख्खं मैदान मोजलंस."

हे खरं होतं, आणि हेच बोलायला नको होतं. लेम उठला, कोट घातला आणि निघून गेला. त्यानंतर दोघांत विस्तव जात नव्हता. कोणाच्या अंत्यविधीला गाठ पडली तर मान हलवायची, बस. सबंध गल्लीला हे ठाऊक होतं. आर्डेलियाला भावाची फार आठवण यायची, पण नऊचे दहा लाख करून त्याला परत आणावं, हे तिच्याच्याने कधी झालं नाही.

पावणेचारला तिने आकडा लिहिला, दोन लाख ऐंशी हजार, आणि नोरीनच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, नेहमीप्रमाणे ती केस बारीक करून घ्यायला होझेयाच्या सलूनमध्ये गेली. लेम गुरुवारी येतो म्हणून तिने शनिवार धरलेला. दार उघडलं तर आत वादाला ऊत आलेला. वेंडेल स्टब्स हातातलं वर्तमानपत्र नाचवत होता. छपरं शाकारून निवृत्त झालेला हा गडी या दुकानातला नव्या अध्यक्षांचा एकमेव भक्त, आणि त्यामुळे सगळ्यांच्या टपल्यांचा मानकरी.

"फोटो लवकर काढलाय! लोक अजून तपासणीच्या रांगेत होते!"

"पडद्यावर शपथेचा हात दिसतोय की रे," कात्री न थांबवता होझेया म्हणाला. "शपथेनंतर येऊन काय खुर्च्या आवरायच्या होत्या त्यांना?"

दुकान हसलं. तेवढ्यात वेंडेलला ती दिसली. तो वरमला, पण मागे हटणाऱ्यातला नव्हता.

"मिस आर्डेलिया, तुमचा आदर आहे. पण तुम्ही पडलात बकनर. सगळं घर त्या बारा वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांचं. आपल्या माणसाला पायली भरून, आमच्या माणसाला चिपटं!"

"काच तीच आहे, वेंडेल. चौकोनही तेच."

"काच तीच असेल. हात कोणाचा?"

आर्डेलियाच्या तीस वर्षांच्या कामावर असं भर दुकानात बोट ठेवलं गेलं होतं. हात कसा दाखवणार? सगळे तिच्या तोंडाकडे पाहू लागले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एकजण तोंडावर गरम टॉवेल घेऊन आडवा पडला होता. त्याने टॉवेल ओढून काढला. खाली लेम होता. या गुरुवारी शपथविधीच्या तयारीपायी रस्ते बंद असल्याने त्याची फेरी शनिवारवर आली होती.

"हात कोणाचा ते मी सांगतो," तो उठत म्हणाला. "वेंडेल, बारा वर्षं मी हिच्याकडे जेवायला गेलो नाही. खरं की खोटं?"

"खरं," वेंडेल म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

"का गेलो नाही?"

वेंडेलने वर्तमानपत्रात डोकं घातलं.

"बोल ना! का?"

"तिने... तुमची गर्दी कमी मोजली म्हणून."

"कमी? निम्म्याहून कमी! माझा माणूस, माझा दिवस, पायाची बोटं गारठून काळी पडली, आणि या बाईने सख्ख्या भावाला एक डोकं वाढवून दिलं नाही! बारा वर्षं रुसलो तरी दिलं नाही! आणि ती तुझ्या माणसाची डोकी चोरेल? अरे, हिचा हात असा आखडता आहे, की हिने नऊ लाख म्हटलं तर नऊ लाखच. देवाने येऊन मोजावं!"

दुकान दणाणलं. होझेयाने कंगवा टेबलावर बडवला. वेंडेलने घडी करून वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि हात वर केले.

"हरलो बाबा. रुसवा कोणी खोटा बारा वर्षं धरत नाही."

तिचे केस होईपर्यंत लेम खुर्चीवर बसून राहिला. ती निघाली तसा तोही बाहेर पडला. दोघं फुटपाथवर उभी राहिली. तो हातमोजे चढवत म्हणाला, "चल, घरापर्यंत येतो."

"लेम, एक सांगू? पाच फूट ही सरासरी होती. पडद्यासमोरचा तुझा चौकोन मी अडीचनेच धरला होता. तुला पुरेपूर मोजलं होतं मी."

लेमचे डोळे भरून आले. मग त्याने चटकन मागे, दुकानाच्या काचेकडे पाहिलं आणि तिचा दंड धरून तिला पुढे ओढलं.

"हळू बोल बाई! वेंडेल ऐकेल."