कोरडा नळ

सिनेमातलं घर तीन भिंतींचं असतं. चौथीच्या जागी कॅमेरा. अशी घरं मी चाळीस वर्षं बांधली आणि मोडली, पण त्यातल्या एकाही नळाला पाणी आणलं नव्हतं.

या सिनेमात एका माणसाला यंत्राने झोपवून ठेवलेलं असतं. यंत्र त्याच्याच आठवणींतलं घर त्याला दाखवतं आणि तो त्यात राहतो. "मिस्त्री, साधं जुनं स्वयंपाकघर हवं," दिग्दर्शक म्हणाला. माझ्या हातांना एकच ठाऊक होतं. रस्ता रुंद करताना पाडलं गेलेलं आमचं. ओट्याचा फुटका कोपरा, उलट्या बाजूला बसवलेली खिडकीची कडी, चौकटीवर लेकीची उंची मोजलेल्या रेघा. सगळं तसंच उतरलं.

बायकोला दोन वर्षांपासून विसर पडत चालला होता. भाड्याच्या खोलीत ती मला "भाऊ" म्हणायची आणि "आमचे हे कधी यायचेत?" असं विचारायची. लेक कामावर गेली की तिला एकटं सोडवेना, म्हणून मी तिला सेटवर न्यायला लागलो.

पहिल्याच दिवशी ती उंबऱ्यात थबकली आणि माझ्यावर खेकसली, "अहो, चपला बाहेर काढा की! किती वेळा सांगायचं?"

मी चपला काढल्या. माझे डोळे भरून आले.

"रडताय काय? भुसा गेला का डोळ्यात?"

"हो."

"सुताराच्या डोळ्यात भुसा आणि सुताराच्या घरात मोडकी खुर्ची. नशीब माझं!"

मग तिने नळ फिरवला. नळ कोरडा. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला. "भाऊ, हे कुणाचं घर हो?"

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत मी बाहेरच्या टाकीतून फळीच्या भिंतीमागून नळी ओढली. कथेचा गठ्ठा मलाही दिला होता. पण मी अक्षरं उशिरा शिकलेला माणूस. मापांची पानं तेवढी वाचली, बाकीची राहू दिली.

आठ दिवस ती माझी बायको होती. ओटा घासायची, मला टोमणे मारायची.

नवव्या दिवशी चित्रीकरण सुरू झालं. नटाने नळ फिरवला आणि पाणी धो धो वाहिलं.

"थांबा!" दिग्दर्शक ओरडला. "पाणी कुणी आणलं इथे?"

"मी," मी म्हणालो.

"अहो मिस्त्री, सगळी गोष्ट त्या नळावर उभी आहे! यंत्र पाणी द्यायला विसरतं, तिथेच त्याला कळतं की हे घर खोटं आहे."

कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीतून बायको उठली. "खोटं कुणाचं हो? रोज ओटा मी घासते."

लोक हसले. नळी तोडायला मलाच सांगितलं. मी तोडली.

नटाने पुन्हा नळ फिरवला. मग मागे वळून म्हणाला, "हे खोटं आहे. मला घरी जायचंय." दिग्दर्शकाला मनासारखं होईना. हेच दहा वेळा झालं आणि दहाही वेळा ती टक लावून बघत होती. संध्याकाळी त्या घरातलं चित्रीकरण संपलं आणि मी पहारीने ओटा फोडला. आमच्या धंद्यात जो बांधतो तोच मोडतो.

खोलीत आमच्याकडे पाणी फक्त सकाळी येतं. दुपारी ती नळ फिरवायची, कोरडा दिसला की मागे वळायची. "हे खोटं आहे. मला घरी जायचंय." भरलेली बादली दाखवली तरी पटायचं नाही.

"बाबा, नका हो जिवाला लावून घेऊ," लेक म्हणाली. "आई काहीही बोलते."

काल मी नळाच्या वर भिंतीत छोटी टाकी बसवली. दुपारी तिने नळ फिरवला. पाणी आलं. तिने धारेखाली हात धरला, बराच वेळ धरला. मी दाराशी चपला काढून उभा होतो, ओरडा खायला तयार.

तिने नळ बंद केला आणि खोलीभर नजर फिरवली.

"पाणी आणलंत, बरं केलंत," ती म्हणाली. "पण भाऊ, ही चौथी भिंत कुणी घातली? आमच्या घराला तीनच होत्या."